दुसरी बरणी मी लिहिली नाही

मी फटकळ बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढं जे सांगणार आहे त्यात मी गरीब गाय होते, असा कुणाचा समज व्हायला नको. बारामती आणि इंदापूर, दोन तालुक्यांची वार्ताहर म्हणून मी एका पेपरात सतरा वर्षं काढली. कारखान्याच्या सभा, एमआयडीसीतले संप, दूध सोसायटीच्या निवडणुका, विहिरीत पडलेले बिबटे, काय काय लिहिलं. लोक वाचायचे, चार शिव्या हासडायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच पेपरात भजी बांधायचे. पण एक बातमी मी अशी लिहिली, की तिच्यात एक शब्द खोटा नव्हता आणि तरी तिनं एका म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं शेवटचं काम काढून घेतलं. त्याला आता पाच-सहा वर्षं झाली. अजून इंदापुरात शिरताना मी त्या कॉलेजच्या बाजूला बघत नाही.

आमच्या धंद्यातली एक पद्धत ठाऊक असल्याशिवाय यातलं काही कळायचं नाही. आम्ही पाच पेपरचे पाच जण होतो. रोज चार ठिकाणी बोलावणं. सगळ्यांनी सगळीकडं पळायचं म्हटलं तर दिवस पुरायचा नाही, म्हणून आम्ही नंबर लावले होते. आज पंचायत समितीला एक जाणार, कारखान्यावर दुसरा, उद्घाटनाला तिसरा. जो जाईल त्यानं कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, लिहून मोबाइलवरच्या आमच्या ग्रुपवर टाकायची. बाकीच्यांनी वरच्या दोन ओळी फिरवायच्या आणि आपापल्या डेस्कला, म्हणजे बातम्या तपासणाऱ्या कचेरीला, पाठवायची. सकाळी पाच पेपरात पाच बातम्या. वाचणाऱ्याला वाटणार, पाच जण जाऊन बघून आले. अहो, फसवायचं म्हणून कुणी करत नव्हतं. पंगतीत एकानं भात वाढायचा, एकानं वरण, तसं ते होतं. सगळ्या तालुक्यांत असंच चालतं आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

दुसरी गोष्ट, ती माझी एकटीची. त्या बातमीच्या आधी दोन वर्षं पणदऱ्याकडच्या एका वस्तीवरच्या गड्यानं पाण्यावर चालणारी मोटारसायकल केली होती. मी जाऊन बघितलं. त्यानं माझ्यासमोर टाकीत तांब्याभर पाणी ओतलं आणि गाडी पळवून दाखवली. मी अर्धं पान लिहिलं, फोटोसकट. आठ दिवसांत कळलं, सीटखाली पेट्रोलची दुसरी टाकी होती. डेस्कवरच्या साहेबांनी मला फोनवर असं झाडलं, की बारामतीच्या एसटी स्टँडवर उभी राहून मी रडले. 'अक्कल घरी ठेवून फिरता का?' म्हणाले. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं, की यापुढं पाण्यातून काही काढतो म्हणणारा भेटला, की आधी त्याची टोपी उडवायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. आणि ताक फुंकणारा माणूस चारचौघांत फार हुशार दिसतो, हेही माझ्या लक्षात आलं होतं. मला ते आवडायला लागलं होतं.

तर एका मार्च महिन्यात इंदापूरच्या एका कॉलेजच्या प्राचार्यांचा तात्यांना फोन आला. तात्या म्हणजे आमच्या पाच जणांतले वयानं मोठे. प्राचार्यांचं म्हणणं असं, की कॉलेजचं मूल्यांकन करायला महिन्याभरात समिती येणार आहे, तर आमच्याकडं संशोधन चालतं अशी एखादी बातमी द्या. फिजिक्सचे निवृत्त झालेले एक सर लॅबमागच्या खोलीत तीन वर्षं काहीतरी प्रयोग करत होते. ते 'काहीतरी' म्हणजे कोल्ड फ्यूजन. तात्यांनी ग्रुपवर टाकलं. त्या दिवशी नंबर माझा होता.

सरांना मी ओळखत होते. मी तिथंच बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते आणि नापास होऊन आर्ट्सला पळाले होते. सरांनी मला दारातच ओळखलं.

"तू दोन थर्मामीटर फोडणारी," म्हणाले.

"एक, सर. दुसरा आधीच तडकलेला होता."

"तसं सगळेच म्हणतात," म्हणाले आणि मोठ्यानं हसले. सर वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे आणि वर्गाबाहेर आले की घरची. निवृत्त झाल्यापासून पुस्तकी बंदच झाली होती.

बातमीसाठी मला बोलावलंय हे त्यांना सकाळीच कळलं होतं. त्यांना ते मुळीच आवडलेलं नव्हतं. तरी त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि पाच मिनिटांत सगळं समजावलं. सूर्यात अणू एकमेकांत मिसळतात आणि त्यातून उष्णता निघते. त्याला कोट्यवधी अंशांची भट्टी लागते. बऱ्याच वर्षांपूर्वी परदेशातले दोन शास्त्रज्ञ म्हणाले, की भट्टी कशाला, आम्ही हेच टेबलावर, काचेच्या भांड्यात करून दाखवलंय. जगातल्या पेपरांनी त्यांना डोक्यावर घेतलं. नंतर इतरांना ते जमेना, तेव्हा त्याच पेपरांनी त्यांना पायाखाली घेतलं. तेव्हापासून हा विषय काढला की शहाणी माणसं नुसती हसतात.

"डोक्यावर घेतलं तवा कुणी थर्मामीटर बघितला न्हवता," सर म्हणाले, "आणि तुडवलं तवा पण न्हाय."

खोलीत एक लांब टेबल होतं. टेबलावर दोन पेट्या. दूध गार ठेवायच्या गाडीला आतून जो पांढरा जाड पत्रा असतो, त्याच्या तुकड्यांच्या सरांनी स्वतः केलेल्या. त्यांचे जावई डेअरीत होते, त्यांनी ते तुकडे आणून दिले होते. प्रत्येक पेटीत एक काचेची बरणी, बरणीत पाणी, पाण्यात एका महागड्या धातूची बारीक तार आणि तिच्यातून रात्रंदिवस वीज. एका बरणीत जड पाणी, म्हणजे प्रयोगशाळेतलं खास पाणी, कागदपत्रं करून मिळवलेलं. दुसऱ्या बरणीत साधं पाणी. बाकी सगळं सारखं, वीज सारखी, तार सारखी, पेटी सारखी. तारेनं आत वायू शोषून घ्यावा लागतो, त्याला आठवडे जातात आणि मध्येच वीज तुटली की सगळं पहिल्यापासून. म्हणून भिंतीला बॅटऱ्यांची रांग होती.

"आज सतरावा दिवस," सर म्हणाले. "ही जड पाण्याची बरणी दुसरीपेक्षा जरा गरम हाय. दीड अंशानं. चार दिवस झालं."

"म्हणजे जमलं की, सर!"

"काय जमलं? डोंबल! पेटीत फट असंल. तार नीट बसली नसंल. म्हणून तर ही दुसरी बरणी हाय. तिसाव्या दिवशी मी पेट्या बदलणार. हिची तिला, तिची हिला. गरमपणा पेटीबरोबर गेला तर पेटीचा दोष. बरणीबरोबर राहिला, तर मग बघू. चाळीस दिवस पुरे व्हायला पायजेत."

मी विचारलं, तिसाव्या दिवशीच का, आज का नाही? ते म्हणाले, फरक दहा-पंधरा दिवस एका जागी स्थिर राहिला तरच बदलण्याला अर्थ. घाईनं बदललं तर नुसतं मनाचं समाधान होतं, कळत काही नाही.

मग त्यांनी चष्मा काढला. डोळ्यांना काचबिंदू झालेला होता. बाजूचं दिसायचं बंद झालं होतं आणि समोरचंही आक्रसत चाललं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नजर वर्षभर टिकेल. आधीच्या चार तारा वाया गेल्या होत्या. कधी वीज गेली, कधी तार तडकली. ही पाचवी. थर्मामीटरवरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येईल असा हा शेवटचा प्रयोग होता.

"मला काय बक्षीस नकोय," म्हणाले. "चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, की बघितल्याशिवाय बोलू नका. ह्यात काय हाय, काय न्हाय, ते एकदा बघायचंय. तू असं कर, चाळीस दिवसांनी ये. काय न्हाई निघालं तर तसं लिही, पेढे देतो तुला."

मी म्हटलं, सर, प्राचार्यांनी आजच मागितलंय, मला द्यावंच लागेल. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मग दोन गोष्टी तेवढ्या लिही. मी कसलाही दावा केलेला न्हाय. आणि बरण्या दोन हायत. दुसरी बरणी लिहायला इसरू नको." मी वहीत लिहून घेतलं. 'बरण्या दोन' असं लिहून खाली रेघसुद्धा ओढली. ती वही अजून माझ्याकडं आहे.

तिथून मला भिगवणला जायचं होतं. मासळीच्या लिलावावरून दोन गटांत बाचाबाची झाली होती, ती खरी त्या दिवसाची मोठी बातमी होती. ते उरकून मी हायवेच्या एका हॉटेलात बसले, चिलापी माशाचं ताट सांगितलं आणि ताट येईपर्यंत मोबाइलवर अंगठ्यानं सरांची कॉपी लिहायला घेतली. पहिल्या ओळी सरळ लिहिल्या. वाचून बघितलं तर मिळमिळीत. कोण वाचणार? आणि डोक्यात ती सीटखालची टाकी. साहेब म्हणणार, पुन्हा पाणी? मी ते पुसलं आणि नव्यानं लिहिलं. इंदापूरकरांना आता गिझरची गरज नाही, असं सुरू केलं. सूर्य बरणीत उतरवायला निघालेले सर, असं लिहिलं. जगानं टाकून दिलेला विषय, परदेशी शास्त्रज्ञांचं झालेलं हसं, दीड अंश फरक, आंघोळीला पाणी निघायला किती जन्म लागतील, असा सगळा मसाला टाकला. हात असा चालला म्हणून सांगू! माझं मलाच हसू येत होतं. दुसऱ्या बरणीपाशी आले आणि थांबले. ती घातली की गंमत जात होती. दोन बरण्या ठेवून, पेट्या बदलून, स्वतःचीच चूक शोधणाऱ्या माणसाला हसणार कसं? हसायला एकच बरणी लागते. मी ती वगळली. दावा केलेला नाही, हेही वगळलं, पण दावा केलाय असंही कुठं लिहिलं नाही. तेवढी हुशारी मला होती. ताट आलं, कॉपी ग्रुपवर टाकली. तात्यांनी हात जोडलेले तीन आणि हसून लोळणारे चार चेहरे पाठवले.

दुसऱ्या दिवशी पाचही पेपरांत आली. एकानं गिझर मथळ्यात घेतला, एकानं सूर्य. एका पेपरनं तर चौकटीत विज्ञानाच्या नावाखाली चाललेल्या बुवाबाजीबद्दल चार ओळी आपल्या पदरच्या घातल्या. मोबाइलवर कात्रणं फिरली. संध्याकाळी इंदापुरात कुणीतरी सरांच्या फाटकापाशी रिकामी बादली ठेवली, तिला चिठ्ठी बांधलेली, 'सर, अर्धी बादली कढत'. मला हे एका ओळखीच्यानं हसत हसत फोनवर सांगितलं. मी पण हसले. खोटं कशाला बोलू, हसले.

दोन दिवसांनी प्राचार्यांचा फोन आला. आवाज बारीक झालेला. म्हणाले, संस्थेचे सचिव फार चिडलेत, समिती यायच्या आधी ती खोली रिकामी करा, तिथली वीज तोडा, असं पत्र आलंय. म्हणजे प्रयोगाचा बाविसावा दिवस संपला की सामान हलवायचं. "पाच पेपरात हसं झालं, म्याडम. एका पेपरचं असतं तर मी निभावून नेलं असतं," म्हणाले. 

मी तडक इंदापूर गाठलं. सर टेबलापाशी होते, आकडा वाचायला नाक थर्मामीटरला लावून उभे. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वहीत आकडा लिहिला, पेन ठेवलं आणि विचारलं, "दुसऱ्या बरणीचं काय झालं?"

"जागा नव्हती, सर. डेस्कनं कापलं."

"गिझरवर तीन ओळी हायत की," ते म्हणाले.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खरं सांगितलं, की डेस्कनं नाही, मीच. आणि पाचही बातम्या माझ्या एकटीच्याच आहेत, हेही सांगितलं. ते त्यांना कळेना. "पाच जण आले न्हवते, तू एकटीच आली होतीस," ते म्हणाले, "मग पाच जणांनी लिहिलं कसं?" मी पद्धत समजावली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "आमच्यात ह्याला कॉपी म्हणत्यात आणि पोरगं तीन वर्षं परीक्षेला बसू शकत न्हाय."

मी म्हटलं, सर, मी निस्तरते. तुम्ही वाचन चालू ठेवा.

आधी तात्यांकडं गेले. म्हटलं, आपण पाचही जण उद्या खुलासा देऊ, बातमी एकटीनं लिहिली होती आणि अर्धवट लिहिली होती. तात्यांनी मला चहा पाजला. मग म्हणाले, "म्याडम, तुमी चांगल्या घरच्या हाय, तुमचा नवरा सर्व्हिसला. माझं काय? उद्या पेपरनं इचारलं, तात्या, तुमी गेलाच न्हवता तर कशाचं मानधन घेता, मग मी काय सांगू? आणि हे एकदा निघालं की मागल्या धा वर्षांचं निघंल." त्यांचं चुकत नव्हतं. बाकीच्या तिघांनी तर फोनच उचलला नाही. त्यातला एक संध्याकाळी ग्रुपमधून बाहेर पडला.

मग डेस्कला फोन केला. साहेब म्हणाले, खुलासा कशाचा? बातमीत चूक कुठल्या वाक्यात आहे ते सांगा. मी म्हटलं, चूक वाक्यात नाही, जे लिहिलं नाही त्यात आहे. ते म्हणाले, "मग ज्यांना हरकत आहे त्यांनी लेखी द्यावं." सरांना तसं सांगितलं तर ते हसले. म्हणाले, मी दावाच केला न्हाय, तर मागं काय घेऊ? आणि काय लिहू, माझा प्रयोग खरा हाय म्हणून? ते मला तरी कुठं माहीत हाय!

शेवटी सचिवांकडं गेले. त्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात तासभर बसवलं. मग आत बोलावलं. मी एका दमात सगळं सांगितलं, की साहेब, पाच बातम्या नाहीत, एकच आहे, ती मी लिहिली, आणि मी मुद्दाम टिंगलीत लिहिली. फक्त अठरा दिवस द्या, काही निघालं नाही तर मी स्वतः तसं छापून आणते. सचिव माणूस वाईट नव्हते. त्यांनी पाचही कात्रणं टेबलावर काढून ओळीनं मांडली. "ह्या पाच पेपरच्या संपादकांनी वाचूनच छापलं ना?" म्हणाले. मी म्हटलं, छापलं, पण बघून कुणीच नाही लिहिलं. ते म्हणाले, "म्याडम, पाचामुखी परमेश्वर म्हणतात. तुम्ही एकट्या आज येऊन सांगता, बातमी खोटी. उद्या म्हणाल, आजचं खोटं. मी कुणाचं धरायचं?"

मी चिडले. इथं मी तोंड सांभाळायला हवं होतं, पण सवय. मी म्हटलं, तुम्हाला सत्याशी काही देणंघेणं नाही, तुम्हाला समितीपुढं नाक वर ठेवायचंय. ते उठलेच. म्हणाले, बाईमाणूस म्हणून ऐकून घेतलं, आता निघा. त्याआधी ते दोन-चार दिवस वाढवून द्यायच्या बेतात होते, असं पुढं प्राचार्यांनी मला सांगितलं. खरं असेल, नसेल. मला तरी त्यापायी झोप लागली नाही कितीतरी दिवस.

तेविसाव्या दिवशी सकाळी मी खोलीवर गेले. सर नेहमीसारखे इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. शिपाईमामा बटनापाशी उभे होते. ते सरांच्याच वेळचे, बावीस वर्षांचे जुने.

"सर, मला वरनं सांगितलंय. माझा कायबी इलाज न्हाय," ते म्हणाले. "तुमीच बंद करा की. माझ्या हातानं नगं."

"मी न्हाय करणार. तू कर. पण थांब जरा, अकराचं वाचन घेऊ दे."

मला एकदम सुचलं. मी म्हटलं, सर, आत्ता पेट्या बदला ना! दोन तास मी मामांना थांबवते. काहीतरी कळेल! सरांनी मान हलवली. "सगळं हलंल, तारंला धक्का बसंल. जे दिसंल त्याला काय अर्थ न्हाय. आणि एकदा दिसलं, की मी त्यावर इश्वास ठेवीन. माणूस ठेवतोच."

अकराचं वाचन त्यांनी घेतलं. पुन्हा घेतलं. मग मामांना म्हणाले, "कर." मामांनी डोळे मिटून बटन खाली केलं. बॅटऱ्यांच्या वायरी सरांनी स्वतः सोडवल्या. तारेभोवतीचे बुडबुडे थोडा वेळ येत राहिले, मग थांबले. एवढंच. आवाज नाही, काही नाही.

मला वाटलं, आता सर घरी जातील. ते बसले. दर दहा मिनिटांनी दोन्ही बरण्यांचं तापमान लिहीत राहिले. मी विचारलं, आता कशाला? म्हणाले, गार कसं होतंय ते पण बघावं लागतं. त्यांना आकडा दिसेना तेव्हा मी वाचून सांगायला लागले. एकदा मी अर्धा अंश चुकले, तर त्यांनी मला परत वाचायला लावलं. चार वाजेपर्यंत दोन्ही बरण्या खोलीएवढ्या गार झाल्या. सामान टेम्पोत भरताना जड पाण्याची बरणी काठाला चिरली, पण तोवर तिला काही किंमत उरली नव्हती.

त्यानंतर काय, काही नाही. मी राजीनामा वगैरे दिला नाही. त्याच पेपरात आणखी तीन वर्षं काम केलं, त्याच ग्रुपवर कॉप्या टाकल्या आणि घेतल्या. समिती येऊन गेली, कॉलेजला बरे मार्क पडले. ती खोली आता स्टेशनरीची आहे. माझ्या नवऱ्याची बदली झाली, मग मी काम सोडलं. सरांकडं मात्र मी गेले नाही. काम सोडल्यावरही जाऊ जाऊ म्हणत दोन वर्षं गेली. तोंड नव्हतं.

गेले तेव्हा सर पडवीत खुर्चीवर बसले होते. मी उंबऱ्यात उभी राहिले तरी त्यांनी वर बघितलं नाही. काकूंनी, म्हणजे त्यांच्या मिसेसनी, सांगितलं, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. मी बोलले तसं त्यांनी आवाज ओळखला. बस म्हणाले. मुलांची चौकशी केली, तिकडं पाऊस कसाय विचारलं. मी घरून पाठ करून आले होते ते एकदाचं बोलले. म्हटलं, सर, आता मला कुणाची भीती नाही. मी सगळं खरं लिहिते, माझ्या नावानं. दुसरी बरणी, पेट्या, पाच पेपर, सगळं.

"लिही की," ते म्हणाले.

"पण लोक एकच विचारणार, सर. ती उष्णता खरी होती का?"

सर खुर्चीत जरा सावरून बसले. मग म्हणाले, "नसावी. मी लई इचार केला. गार होतानाचे आकडे मनात आठवून बघितले, तू वाचलेले. डावी पेटी, जड पाण्याची, उष्णता जरा जास्त धरत होती असं वाटतं. बहुतेक पेटीचाच दोष."

आणि मला, देवा शपथ, बरं वाटलं. छातीवरचा धोंडा उतरावा तसं झालं. तोंडातून निघूनच गेलं, "म्हणजे बातमी काही चुकीची नव्हती म्हणायची."

बोलले आणि जीभ चावली. सरांनी मान माझ्या आवाजाकडं वळवली. चिडले नव्हते. मला वाटतं, त्यांना माझी कीवच आली असावी.

"बहुतेक म्हणालो मी," ते म्हणाले. "आता मरंस्तोवर बहुतेकच म्हणणार. पेट्या बदलायला सात दिवस राहिले होते गं. सात दिवसांत मी स्वतः म्हणलो असतो, मी चुकलो, पेटी बदला, पुढं चला. मला चुकायची भीती न्हवती. मला चूक माझ्या डोळ्यानं बघायची होती, डोळं होते तवर. तेवढं पण ठेवलं न्हाईस."

काकू चहा घेऊन आल्या. सरांच्या हातात कप देऊन त्यांनी त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती नीट बसवली. मी माझा चहा उभ्यानंच घेतला आणि निघाले.